मेंढ्यांचा गोचीड ताप : लसीच्या शोधाची वाटचाल



चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभे राहते ते सागवानाचे आणि बांबूचे दाट वन, धानाच्या बांध्या आणि गावोगावचे मालगुजारी तलाव. या चित्रात मेंढी सहसा कोणाला दिसत नाही. परंतु या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या मेंढ्या राखणारा आणि लोकरीची घोंगडी विणणारा कुरमार समाज आहे. कच्छकडून उंटांसह आणि कळपांसह चालत येणारे रबारी मेंढपाळही विदर्भाच्या रानावनांत गेली कित्येक दशके वावरत आहेत. या कुटुंबांचे शेत म्हणजे त्यांचा कळप होय. मुलीचे लग्न, आजारपणाचा खर्च, पावसाळ्यातील धान्य या सर्वांची तजवीज कळपातील चार-दोन मेंढ्या विकून होते. अशा कुटुंबाच्या कळपात रोग शिरला तर त्याची वर्षानुवर्षांची पुंजी पंधरवड्यात नाहीशी होते.

मेंढ्यांच्या अनेक रोगांवर आज लसी आहेत. आंत्रविषार, देवी, पीपीआर या रोगांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांमार्फत लसीकरण केले जाते. पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था अशा लसी तयार करीत आली आहे. परंतु गोचिडीच्या चाव्यातून मेंढीच्या रक्तात शिरणाऱ्या परोपजीवी जंतूंवर आपल्या देशातील मेंढपाळाच्या हाती देता येईल अशी लस अद्याप नाही. असे का व्हावे, गाईंसाठी जे साध्य झाले ते मेंढ्यांसाठी का झाले नाही, आणि तोपर्यंत गावाने काय करावे, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

रोगाचे मूळ

गोचीड ही सर्वांच्या परिचयाची आहे. अंड्यातून बाहेर पडते ते सहा पायांचे पिलू. ते रक्त पिऊन कात टाकते आणि आठ पायांचे होते. पुन्हा एकदा रक्त पिऊन व कात टाकून त्याची पूर्ण वाढ झालेली गोचीड बनते. रक्ताने टम्म फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडाखाली किंवा पालापाचोळ्यात हजारो अंडी घालते. म्हणजे मेंढीच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा त्यांच्या एकूण संख्येचा लहानसा भाग असतो. उरलेल्या गोचिडी गोठ्यात, वाड्यात आणि कुरणात दबा धरून असतात.

गोचिडीने रक्त शोषल्याने मेंढी अशक्त होते हे खरे, परंतु खरा धोका निराळाच आहे. गोचिडीच्या लाळेतून थायलेरिया नावाचा एकपेशीय जंतू जनावराच्या शरीरात प्रवेश करतो. तो प्रथम शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्या पेशीला अशी काही चेतना देतो की ती कर्करोगाच्या पेशीप्रमाणे अनिर्बंध वाढू लागते. पेशी दुभंगली की आतील जंतूही दुभंगतो. रक्षण करणारेच शत्रूच्या सेवेला लागावेत, तसा हा प्रकार होय. पुढे हे जंतू तांबड्या पेशींत शिरतात. अशा जनावराचे रक्त वाढत्या वयाच्या गोचिडीने प्यायले की तिच्यात जंतू शिरतात आणि कात टाकल्यानंतर ती दुसऱ्या जनावराला चावली की रोगाचे चक्र पुरे होते.

चावा बसल्यानंतर साधारणतः एक ते तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. मेंढीला तीव्र ताप चढतो. खांद्यापुढील आणि जबड्याखालील गाठी सुजतात. ती चरणे सोडते, कळपाच्या मागे पडते, धापा टाकू लागते. डोळ्यांच्या आतील त्वचा प्रथम फिकट आणि नंतर पिवळसर होते. बॅबेसिया नावाच्या दुसऱ्या एका जंतूमुळे होणाऱ्या गोचीड तापात लघवी तांबडी होते. बाह्य लक्षणांवरून यांतील नेमका जंतू कोणता हे सांगणे अनुभवी माणसालाही कठीण असते. काचपट्टीवर घेतलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निदान निश्चित होत नाही.

शंभर वर्षांचे संशोधन

बॅबेसिया हे नाव रुमानियातील शास्त्रज्ञ व्हिक्टर बाबेश यांच्या नावावरून पडले. त्यांनी १८८८ मध्ये गुरांच्या रक्तात हे जंतू पाहिले आणि पुढे मेंढ्यांच्या रक्तातही ते दाखविले. १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध केले. संधिपाद प्राण्यांमार्फत रोग पसरू शकतो ही गोष्ट शास्त्राच्या जगात पक्की होण्यास या शोधाचा मोठा हातभार लागला. माणसाच्या हिवतापाचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी भारतात उलगडला तो त्यानंतर, १८९७ मध्ये. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यातील श्रोत्यांना या दोन शोधांतील नाते सहज उमगेल. थायलेरिया हे नाव दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाचे होय. त्यांचे चिरंजीव मॅक्स थायलर यांना माणसाच्या पीतज्वरावरील लसीबद्दल १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या राज्यालाही या क्षेत्रात मानाचे स्थान आहे. भारतातील पशुरोग संशोधनाचा पाया घातला गेला तो पुण्यात. १८८९ मध्ये तेथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था होय. याच मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांड्या रोगाचे विषाणू बकऱ्यांच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केले आणि त्यांपासून लस बनविली. त्या प्रयत्नांतून सुरू झालेल्या वाटचालीचा शेवट सुखाचा झाला. २००६ मध्ये भारत बुळकांड्यापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. उग्र जंतूला सौम्य करून त्यालाच रक्षक बनवावयाचे, हे तत्त्व येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण गोचीड तापावरील लसही याच तत्त्वावर उभी आहे.

गाईची लस कशी तयार झाली

लस म्हणजे शत्रूची ओळख. विषाणू किंवा जिवाणू मारून तो टोचला तरी अनेक रोगांत शरीराला ही ओळख पटते. थायलेरियाच्या बाबतीत तसे होत नाही. हा जंतू पेशीच्या आत दडून बसतो. त्यामुळे रक्तातील प्रतिद्रव्ये त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. बाधित पेशी ओळखून तिचा नाश करणाऱ्या संरक्षक पेशी शरीरात तयार व्हाव्या लागतात आणि त्यांसाठी जिवंत जंतूच टोचावा लागतो. जिवंत जंतू टोचावयाचा आणि रोग मात्र होऊ द्यावयाचा नाही, अशी ही अवघड कसरत आहे.

यातून मार्ग निघाला तो पेशीसंवर्धनाच्या तंत्रामुळे. रोगी जनावराच्या बाधित पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेतील बाटलीत पोषक द्रवावर वाढवावयाच्या, त्यांतील थोड्या दुसऱ्या बाटलीत टाकावयाच्या, त्यांतून तिसऱ्या बाटलीत, असे शंभराहून अधिक वेळा करीत राहिले म्हणजे जंतूची उग्रता ओसरते. तो जनावराच्या शरीरात काही काळ राहतो, संरक्षक पेशींना जागे करतो, परंतु जनावराला आजारी पाडत नाही. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी या पद्धतीचा पाया घातला आणि पुढे इराण, तुर्कस्तान व भारत या देशांनी ती अंगीकारली.

भारतात या लसीची निकड भासली त्याला कारण झाली दुग्धविकासाची मोहीम. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ ही संस्था स्थापन केली आणि तेथून संकरित गाईंचा प्रसार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत झाला. जर्सी आणि होल्स्टीन रक्ताच्या या गाई दूध भरपूर देत. परंतु ज्या गोचीड तापाला देशी गाय सहसा दाद देत नाही, त्याला त्या चटकन बळी पडत. देशी जनावराने शतकानुशतके गोचिडीच्या सहवासात राहून जी प्रतिकारशक्ती मिळविली ती परदेशी रक्तात नव्हती. आपल्या पूर्व विदर्भातील कठाणी हा गोवंश याचे उत्तम उदाहरण आहे. धानाच्या चिखलात राबणाऱ्या, लहान चणीच्या आणि काटक अशा या जातीला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडच्या काळात अधिकृत जातीचा दर्जा दिला आहे.

हिस्सार येथील हरियाणा कृषी विद्यापीठ आणि आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी गाईंच्या गोचीड तापाचा अभ्यास व लसीचे काम केले. मंडळाने हैदराबाद येथे स्थापन केलेल्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेने ‘रक्षावॅक-टी’ या नावाने ही लस तयार केली. याच सुमारास, म्हणजे १९८० च्या दशकात, ब्युपार्व्हाक्वोन हे प्रभावी औषधही उपलब्ध झाले. संकरित गाईच्या रक्षणासाठी अशा रीतीने लस व औषध ही दोन्ही साधने सिद्ध झाली.

मेंढीच्या वाट्याला काय आले

मेंढ्यांना उग्र स्वरूपाचा गोचीड ताप देणारा जंतू गाईच्या जंतूचा जवळचा भाऊबंद आहे. त्याला पूर्वी थायलेरिया हिर्साय म्हणत. आता तो थायलेरिया लेस्टोक्वार्डाय या नावाने ओळखला जातो. दोहोंचा प्रसार हायलोमा जातीच्या गोचिडीमार्फत होतो. इराणमध्ये १९७० च्या दशकात मेंढ्यांच्या बाधित पेशी प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले आणि त्यांतून सौम्य जंतूंची लस तयार करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे मेंढ्यांसाठी अशी लस बनविणे शास्त्राच्या दृष्टीने अशक्य नाही, हे सुमारे अर्ध्या शतकापूर्वीच दिसून आले आहे.

गाईची लस मेंढीला चालेल काय, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. युरोपातील संशोधकांनी १९९० च्या दशकात याचा कसून अभ्यास केला. गाईचा जंतू मेंढीला बाधू शकतो, परंतु त्या बाधेचे स्वरूप सौम्य असते. अशी बाधा होऊन गेलेल्या मेंढीला पुढे मेंढीच्या उग्र जंतूची लागण झाली तर लागण टळत नाही, मात्र आजाराची तीव्रता बरीच कमी होते, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष आशादायक असला तरी त्यावरून गाईची लस सरसकट मेंढ्यांना टोचू लागणे योग्य ठरणार नाही. त्यासाठी आपल्या येथील मेंढ्यांवर, आपल्या येथील जंतूंवर रीतसर चाचण्या व्हावयास हव्यात.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण अर्थशास्त्राची. दुभत्या संकरित गाईची किंमत मोठी, तिचा मालक दूध संघाचा सभासद, त्यामुळे तिच्या लसीला गिऱ्हाईक आहे. मेंढीची किंमत त्या मानाने थोडी आणि तिचा मालक सदैव वाटेवर. त्याची मागणी कोणत्याही कार्यालयाच्या नोंदवहीत चढत नाही. दुसरी अडचण शीतसाखळीची. ही लस जिवंत पेशींची असल्यामुळे ती उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात ठेवावी लागते आणि बाहेर काढल्यावर अल्पावधीत टोचावी लागते. भामरागड किंवा एटापल्लीच्या दुर्गम भागात, पावसाळ्यात नाले भरून वाहत असताना हे करणे सोपे नाही. तथापि कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नत्राची पात्रे पशुवैद्यकीय दवाखान्यांपर्यंत पोचलीच आहेत. ज्या पात्रातून गोठित रेत जाते त्याच प्रकारच्या पात्रातून लसही जाऊ शकते. तेव्हा ही अडचण न सुटणारी नव्हे.

तिसरी अडचण सर्वांत मूलभूत आहे, आणि ती म्हणजे माहितीचा अभाव. कोणत्या कळपात कोणता जंतू आहे हे कळल्यावाचून लस कोणाविरुद्ध करावयाची? मेंढी मेली, पुरली, आणि पुढच्या मुक्कामाला कळप निघाला, असेच बहुधा घडते. रक्ताचा नमुना न घेतलेले मरण शास्त्राच्या दृष्टीने मुके असते.

नवी दिशा : गोचिडीविरुद्ध लस

अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांनी आणखी एक मार्ग चोखाळला आहे. जंतूला सोडून थेट गोचिडीलाच लक्ष्य करावयाचे, हा तो मार्ग होय. गोचिडीच्या आतड्यातील एक प्रथिन जनावराला टोचले तर जनावराच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. गोचीड ते रक्त प्यायली की तिच्या आतड्याला इजा होते, ती मरते किंवा कमी अंडी घालते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी शोधलेल्या अशा प्रथिनापासून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात क्यूबा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत गुरांसाठी लसी बाजारात आल्या. इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतही हायलोमा गोचिडीच्या अशाच प्रथिनावर संशोधन झाले आहे. अशी लस मृत प्रथिनाची असल्याने तिला द्रवरूप नत्र लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र ती औषधाप्रमाणे तत्काळ गोचिडी झडवीत नाही. तिचा परिणाम पिढीगणिक गोचिडींची संख्या घटण्यात दिसतो.

२००५ मध्ये गाईच्या थायलेरिया जंतूची संपूर्ण जनुकीय रचना प्रसिद्ध झाली. त्यामुळे जंतूच्या पृष्ठभागावरील कोणते प्रथिन लसीसाठी उपयोगी पडेल याचा शोध घेणे सुकर झाले आहे. जंतूवरील प्रथिन आणि गोचिडीवरील प्रथिन यांची सांगड घालून एकच लस करावी, असाही विचार शास्त्रज्ञ करीत आहेत.

तोपर्यंत गावाने काय करावे

लस येईल तेव्हा येईल. तिची वाट पाहत स्वस्थ बसून चालणार नाही. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी मनावर घेतल्यास पुष्कळ काही साधता येण्यासारखे आहे.

पहिले काम वाड्याच्या स्वच्छतेचे. वाड्याच्या आणि गोठ्याच्या भिंतींतील भेगा बुजविणे, चुना लावणे, शेण-कचरा दूर नेऊन टाकणे यांमुळे गोचिडीची लपण्याची जागाच नाहीशी होते. मेंढ्यांची लोकर कातरल्यानंतर गोचिडी स्पष्ट दिसतात. त्या वेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधी द्रावणात मेंढ्या बुडवून काढाव्यात. यासाठी गावाचे सामाईक टाके बांधता येईल. औषधाचे प्रमाण मनाने ठरवू नये. कापसावर फवारण्याचे कीटकनाशक मेंढ्यांच्या अंगावर ओतण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याने मेंढीही दगावते आणि माणसालाही बाधा होते. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास गोचिडी त्याला सरावतात, हेही लक्षात असावे.

दुसरे काम नव्या कळपाबाबतच्या दक्षतेचे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेसारख्या योजनांतून मेंढ्यांचे नवे गट गावात येतात. कमी गोचिडींच्या प्रदेशातून आलेली मेंढी वनाच्या कडेच्या कुरणात सोडली तर तिला या रोगाची ओळख नसल्याने ती लवकर बळी पडण्याचा संभव असतो. म्हणून नव्या मेंढ्या काही दिवस निराळ्या ठेवाव्यात, त्यांच्या अंगावरील गोचिडींचा बंदोबस्त करावा आणि पहिल्या पावसाळ्यात त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे.

तिसरे काम कुरणाचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा वनाची व्यवस्था पाहू शकते हे देशाला दिसले. ज्या ग्रामसभांना असा हक्क मिळाला आहे त्यांनी चराईचे पट्टे आळीपाळीने बंद व खुले ठेवण्याचा विचार करावा. बराच काळ जनावर न मिळाल्यास कुरणातील भुकेल्या गोचिडींची संख्या घटते. वाटेवरच्या मेंढपाळाला या नियोजनात सामावून घेतले पाहिजे. त्याला हुसकावून लावल्याने रोग जात नाही. तो शेजारच्या गावात पोचतो एवढेच.

शिक्षकांचे काम निराळे, परंतु तितकेच मोलाचे. गोचीड नखाने चिरडू नये, चिमट्याने काढून जाळावी किंवा रॉकेलमध्ये टाकावी, हे मुलांना शिकवावे. हायलोमा गोचिडीमार्फत माणसालाही क्रिमियन काँगो रक्तस्रावी ताप होऊ शकतो. २०११ मध्ये गुजरातमध्ये या रोगाचे रुग्ण आढळले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचे निदान केले. मेंढ्यांमागे जाणाऱ्या मुलांना हे ज्ञान असणे अगत्याचे आहे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम नमुन्यांचे. ताप आलेली, गाठी सुजलेली मेंढी दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्ताची काचपट्टी घेतली जाईल असा आग्रह धरावा. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी अशा काचपट्ट्यांची गाववार व महिनावार नोंद ठेवावी आणि ती रोग अन्वेषण यंत्रणेकडे व नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पोचवावी. उद्या या रोगावर लस करावयाची ठरली तर शास्त्रज्ञांचा पहिला प्रश्न हाच असेल की रोग कोठे आहे आणि जंतू कोणता आहे. त्याचे उत्तर पुण्याच्या किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते चामोर्शी, मूल आणि सिरोंचा येथील कळपांतच मिळेल.

बुळकांड्या हटला तो केवळ लसीमुळे नव्हे. गावोगावच्या माणसांनी आजारी जनावर लपविण्याचे सोडून दाखविण्यास सुरुवात केली म्हणूनही तो हटला. मेंढीच्या बाबतीत ही सुरुवात अद्याप व्हावयाची आहे. ज्या मेंढपाळाच्या सर्व संपत्तीला चार पाय आहेत, त्याच्या मरणाऱ्या मेंढीची निदान नोंद व्हावी, एवढा हक्क तरी त्याचा आहे. ती नोंद आपल्या गावापासून सुरू झाली, तर लसीच्या दिशेने पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.